तेवीसपैकी तेवीस

रविवार, १ सप्टेंबर
आज सोबत मंडळाचा सेक्रेटरी झालो. एकमताने. म्हणजे नावं मागितल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले, तेव्हा मी हात वर केला. विरोधी मत शून्य.
मंडळाचं काम साधं. आमच्या चार बिल्डिंगांत एकटी राहणारी तेवीस म्हातारी माणसं आहेत. दर बुधवारी आणि रविवारी त्यांच्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. बारा वर्षं हे शिंपीणबाई बघत होत्या. पद्धत काय, तर बेल वाजवायची. रेकॉर्ड नाही, रिपोर्ट नाही. मी विचारलं, गेल्या वर्षी एकूण किती भेटी झाल्या? म्हणाल्या, त्या मोजायच्या असतात होय?
पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात एकतीस वर्षं काढली आहेत मी. जे मोजलं जात नाही ते गळतं.
संकल्प: तीन महिन्यांत मंडळ पूर्ण डिजिटल.
(मी स्वतःही एकटाच राहतो, पण तो विषय वेगळा. मी तेवीसांत येत नाही. मी पदाधिकारी.)

सोमवार, २ सप्टेंबर
सुनेला फोन केला. ती आणि मुलगा दुसऱ्या शहरात असतात. ती कॉम्प्युटरमध्ये आहे. माझी कल्पना ऐकून म्हणाली, बाबा, खरंच चांगली आहे. रोज सकाळी ग्रुपवर तुमचा मेसेज जाईल, प्रत्येकाने दहाच्या आत हिरवा ठिपका पाठवायचा. ठिपका आला की तक्त्यात नाव हिरवं. नाही आला तर लाल. लाल दिसला की कुणीतरी उठून त्या घरी जायचं.
पुढे म्हणाली, तक्ता हिरवा दिसावा म्हणून हे नाही हां बाबा, लाल कळावं म्हणून आहे. हाताने हिरवा करायची सोय ठेवते, पण ती कुणी जाऊन बघून आलं तरच वापरायची.
हो म्हणालो. मुलगी हुशार आहे, पण एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय.

शनिवार, ७ सप्टेंबर
प्रशिक्षण शिबिर. चौदा जण आले. सहा जणांना ठिपका सापडला. दोघांनी ठिपक्याऐवजी वाढदिवसाचा केक पाठवला. एका आजींनी चुकून त्यांच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघी रडल्या. कार्यक्रमाला उशीर झाला.
समोरच्या बिल्डिंगमधला कंपाउंडर शेवटच्या खुर्चीवर. नाव सगळे विसरलेत, चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधं बांधून देत होता म्हणून कंपाउंडर. माझा जुना दोस्त. बुधवारी संध्याकाळी आमचं बुद्धिबळ असतं. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन, म्हणून मुलाचा जुना स्मार्टफोन त्याला दिला. उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, याच्यातून तू दिसणार, मग वर येणार नाहीस, असंच ना?
त्याला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर
पहिला दिवस. सकाळी ठीक आठला ‘सुप्रभात’. सोबत सूर्योदयाचा फोटो. तेवीसपैकी अकरा हिरवे.
उरलेल्या बारांकडे जायला हवं होतं. गुडघा दुखत होता. फोन केले. सात जणांनी उचलला. बाकीचे ठीकच असणार.

गुरुवार, १२ सप्टेंबर
एकोणीस! शिंपीणबाईंना तक्ता दाखवला. चष्मा वर करून म्हणाल्या, छान रंगवलंय. मग विचारलं, तीन नंबरच्या आजोबांचा हात सुजला होता, उतरला का? मी म्हणालो, ते हिरवे आहेत. म्हणाल्या, हाताचं विचारते मी.
या बाईंशी बोलणं म्हणजे डोकेफोड.

रविवार, १५ सप्टेंबर
ठराव क्र. १: बुधवार-रविवारच्या घरभेटी तूर्त स्थगित. रोज संपर्क होत असताना आठवड्यातून दोनदा जाणं हे दुहेरी काम आहे. सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं. कुणी म्हणालं नाही, पण चेहरे मोकळे झाले. शिंपीणबाई तेवढ्या विरोधात. म्हणाल्या, मी माझी जात राहीन. म्हणालो, व्यक्तिगत पातळीवर जरूर.
वेळ वाचला. आज दिवसभर तक्त्याला कडा काढल्या.

बुधवार, १८ सप्टेंबर
पाच वाजता कंपाउंडरने त्याच्या खिडकीतून हाक मारली. त्याचं स्वयंपाकघर आणि माझी बाल्कनी समोरासमोर. पट मांडलाय, म्हणाला. मी हातानेच खूण केली: बिझी. खरंच होतो. वॉर्ड ऑफिसचं पत्र आलंय. ‘डिजिटल मंडळ’ म्हणून सन्मान करणार आहेत. अट एकच: सलग तीस दिवस शंभर टक्के प्रतिसाद. शुक्रवारपासून मोजणी सुरू. कार्यक्रम २० ऑक्टोबरला.
तासाभराने ग्रुपवर फोटो आला. कंपाउंडरकडून. बुद्धिबळाचा पट, एक प्यादं पुढे सरकवलेलं, खाली अक्षरं: तुझी चाल.
डिलीट केला. ग्रुप कामाचा आहे. नियम सर्वांना सारखे.

शुक्रवार, २० सप्टेंबर
दिवस पहिला. बावीस हिरवे. लाल एकच: कंपाउंडर.
फोन केला, उचलला नाही. बाल्कनीतून बघितलं तर स्वयंपाकघरात दिवा, चहाचं भांडं गॅसवर, हा पाठमोरा उभा. चांगला धडधाकट. आता मी डोळ्यांनी बघितलं. जाऊन बघणं आणि बाल्कनीतून बघणं यात फरक फक्त जिन्यांचा.
हाताने हिरवा केला. तेवीसपैकी तेवीस. तक्ता असा दिसतो की बघत राहावं.

शनिवार, २८ सप्टेंबर
दिवस नववा. कंपाउंडरने काल स्वतःहून ठिपका पाठवला. तिसऱ्यांदा. बाकी सगळे दिवस मलाच करावं लागलं. मुद्दाम करतो. सकाळी सहाला त्याचा दिवा लागतो, तेवढ्यावर माझं काम भागतं. दिवा आहे म्हणजे माणूस आहे.
सुनेने सहज विचारलं, लाल येतात का बाबा? म्हणालो, फार क्वचित. म्हणाली, कमालच आहे. तिच्या आवाजात मला कौतुक वाटलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर
दिवस अठरावा. भाषणाचा मसुदा केला. ‘आज अंतर उरलेलं नाही’ ही सुरुवात. दोनदा आरशासमोर म्हटलं.
दिवसभर फोन वाजत असतो. आज एकूण मेसेज एकशे चौदा. घरी कुणी आलं नाही, पण येण्याची गरज काय?

रविवार, १३ ऑक्टोबर
दिवस चोविसावा. दुपारी दारात कंपाउंडर. दोन जिने उतरून, दोन चढून आला. कपाळावर घाम. म्हणाला, दोन दिवस गरगरतंय रे. बस माझ्याजवळ जरा. किंवा चल वर, थोडा वेळ पट मांडू, बरं वाटेल.
माझी नेमकी वॉर्ड ऑफिसच्या बाईंसोबत ऑनलाइन मीटिंग होती. त्याला सांगितलं की ग्रुपवर ‘तब्येत’ म्हणून नवीन सोय केली आहे, तिथे लक्षणं लिही, डॉक्टरांची यादीही आहे. तो हसला. म्हणाला, अरे चाळीस वर्षं मीच सांगायचो लोकांना, ही गोळी जेवणानंतर. मला यादी नको.
पाणी पिऊन गेला. मीटिंग उत्तम झाली.
आता लिहिताना आठवलं, आमची ही आजारी होती तेव्हा सात महिने तो रोज सकाळी येऊन इंजेक्शन द्यायचा. ती गेली त्या दिवशीसुद्धा आला होता, सुई घेऊन. माहीत नव्हतं त्याला.
उद्या जाऊन येईन त्याच्याकडे. नक्की.

सोमवार, १४ ऑक्टोबर
बॅनरची प्रूफं आली. ‘डिजिटल’ची वेलांटी चुकली होती. सगळा दिवस त्यातच गेला.

बुधवार, १६ ऑक्टोबर
दिवस सत्ताविसावा. कंपाउंडरचा दिवा सकाळी होता. दुपारी बाराला कपडे वाळत घालायला गेलो, तेव्हाही होता. भर उन्हात दिवा! हा माणूस एवढा निष्काळजी कधी नव्हता. वय.
हिरवा केला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
दिवा चालूच. ग्रुपवर वीजबचतीचा मेसेज टाकला, बल्बचं चित्र लावून. नाव घेतलं नाही, पण कळायचं त्याला कळेल. एकवीस जणांनी अंगठा दिला. त्याने नाही.
हिरवा.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
दिवस एकोणतिसावा. दिवा तसाच. मनात आलं, जाऊन बघावं. चपला घातल्या. तेवढ्यात वॉर्ड ऑफिसमधून फोन: स्टेजवर किती खुर्च्या? बोलता बोलता चपला काढल्या.
रागावला असेल. तो पट डिलीट केला त्याचा राग. मान्य, मी जरा कडक वागलो. सन्मान झाला की सगळ्यांसमोर मिठी मारीन.
हिरवा.

शनिवार, १९ ऑक्टोबर
तीस!!! शंभर टक्के. तीस दिवस. सुप्रभातच्या ऐवजी फटाक्यांचं चित्र पाठवलं.
संध्याकाळी शिंपीणबाई भेटल्या. आठ दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, सकाळीच आल्या. विचारलं, कंपाउंडर कसे आहेत? जाताना चक्कर येतेय म्हणाले होते. मी तक्ता पुढे धरला. त्यांनी बोटाने ओळ धरून बघितली. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळं हिरवं. म्हणाल्या, बरं बाई, जीव भांड्यात पडला. थकल्येय, मग उद्याच भेटेन कार्यक्रमात.
पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवला. खूप समाधान वाटलं.

रविवार, २० ऑक्टोबर
लिहवत नाही.
कार्यक्रम झाला. प्रमाणपत्र मिळालं. भाषण चालू असताना खिशात फोन थरथरत होता. वाटलं, अभिनंदनाचे. उतरून बघितलं. शिंपीणबाईंचे अकरा कॉल.
कंपाउंडर आला नाही म्हणून त्या त्याला आणायला गेल्या होत्या. दार उघडेना. खालच्यांना बोलावून कुलूप तोडलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेला. खुब्याचं हाड मोडलेलं. मंगळवारी संध्याकाळी पडला होता.
मंगळवारी.
डॉक्टर म्हणाले, हाताशी धुण्याची बादली होती म्हणून. त्यात फडकं बुडवून चोखत होता.
जिवंत आहे. हे महत्त्वाचं. जिवंत आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर
हॉस्पिटल. आत सोडलं नाही. बाकावर बसून राहिलो. शांतपणे विचार केला. (१) तो पडला यात माझा दोष नाही. (२) फोन त्याला मीच दिला होता. त्याने खिशात ठेवायला हवा होता, शिबिरात मी हे स्पष्ट सांगितलं होतं. (३) दिवा चालू होता, त्यामुळे कुणाचाही गैरसमज झाला असता.
तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. पुन्हा तपासले. जेवण गेलं नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
आज पाच मिनिटं आत सोडलं. इतका लहान दिसत होता. ओठांवर खपल्या. मला ओळखलं. मी म्हणालो, अरे, हाक मारायचीस ना.
म्हणाला, मारली.
 नर्स सलाईन बघून गेली. मग हळूहळू म्हणाला, फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर होता. चार्जिंगला. रोज सकाळी टिंग वाजायचं. मला कळायचं, आठ वाजले, तू उठलास. वाटायचं, आता हा बघेल मी उत्तर दिलं नाही ते. आता येईल.
त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, एक दिवस जास्त वेळा वाजला. काय होतं रे त्या दिवशी?
गुरुवार. वीजबचत. एकवीस अंगठे.
मी म्हणालो, काही नाही, असंच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
पहाटे गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
सकाळी आठला ग्रुपवर निधनाची बातमी दिली. दहाच्या आत बावीस जणांचे हात जोडलेले आले. बावीसपैकी बावीस. कुणालाही आठवण करावी लागली नाही.
हे मी का मोजलं?
अंत्यविधीला सहा माणसं. मी धरून.

रविवार, २७ ऑक्टोबर
सुनेचा फोन. नेहमी मुलगा लावतो आणि ती मागून बोलते, आज तिने एकटीने लावला. म्हणाली, बाबा, मी तक्ता उघडून बघितला. कुठला ठिपका त्या माणसाने पाठवला आणि कुठला हाताने केला, किती वाजता, सगळं त्यात दिसतं. तीस दिवसांत त्यांचे स्वतःचे दोन आहेत.
मी म्हणालो, तीन. म्हणाली, तिसरा मोजणीच्या आधीचा आहे.
मग म्हणाली, तुम्ही वर जाऊन बघून येत होता ना बाबा? प्रत्येक वेळी?
मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज अगदी स्वच्छ येत होता. ती रडत होती तेसुद्धा.

सोमवार, २८ ऑक्टोबर
काहीही केलं नाही. सुप्रभात पाठवलं नाही. दहापर्यंत कुणीही विचारलं नाही, आज का नाही आलं म्हणून. एकानेही नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर
शिंपीणबाई समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात भेटल्या. हातात कंपाउंडरच्या घराची किल्ली. त्याच्या पुतण्याने सामान आवरायला सांगितलंय त्यांना. वर चला म्हणाल्या, तुमच्या मुलाचा फोन परत घ्या.
मी वर गेलो नाही. तिथेच सांगितलं. ठिपके मी करत होतो म्हणून. दिवा बघून.
त्यांना आधी कळलंच नाही. कुठले ठिपके? मग कळलं. किती दिवस? अठ्ठावीस. आणि शनिवारी मला दाखवलात तो? तोही.
त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, मी शनिवारी गेले असते. दाराशी आले होते हो त्यांच्या बिल्डिंगच्या. तुमचा तक्ता बघून परत फिरले.
मी म्हणालो, मला माफ करा. म्हणाल्या, माझी कशाला मागताय.
 दोनदा लोक वर-खाली गेले, त्यांना वाट दिली. शेवटी त्या उठल्या. मला वाटलं, आता मंडळातून काढतील. मनातून तेच हवं होतं. म्हणाल्या, पुढच्या बुधवारी मेट्रनबाईंकडे जायचं, चार वाजता. तासभर बसायचं. काही न्यायचं नाही, काही लिहून आणायचं नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर
सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून मीटिंग बोलावली. ग्रुपवर. बावीस जणांनी मेसेज वाचल्याची खूण आली. आलं कुणी नाही. तीन जणांनी अंगठा दिला.
शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांनी आणि मी मिळून खुर्च्या परत लावल्या.

बुधवार, ६ नोव्हेंबर
मेट्रनबाई. दोन नंबर बिल्डिंग, दुसरा मजला. एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिका होत्या, आता वय एक्क्याऐंशी. माझ्या तक्त्यात पहिल्या आठवड्यापासून एकही लाल नाही. आदर्श सभासद म्हणून भाषणात उल्लेख केला होता.
दार साखळी लावून उघडलं. कोण? मी सोबत मंडळाचा सेक्रेटरी. कुठलं मंडळ? म्हणालो, रोज सकाळी तुम्ही हिरवा ठिपका पाठवता ते.  म्हणाल्या, फोन ना? तो माझ्या मुलीकडे आहे. जाताना घेऊन गेली, मला वापरता येत नाही म्हणून. ती करत असेल तिकडून.
दोन महिने. मुलगी चांगली आहे, वेळेवर पाठवायची.
शिंपीणबाईंचं नाव सांगितल्यावर साखळी काढली. आत बसलो. काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, चार-पाच वेळा बघितलं. पंख्याचा आवाज येत होता. त्यांच्या डाव्या पायावर चिघळलेली जखम, वर जुनं बँडेज. विचारलं, हे कधीचं? म्हणाल्या, झाले की बरेच दिवस. कुणाला सांगणार? स्वतःच बदलते, पण आता वाकता येत नाही. शिंपीणबाई बदलून द्यायच्या, त्या परवा पुन्हा बहिणीकडे गेल्या.
मी बदललं. नीट जमलं नाही. त्या वरून सांगत होत्या, अहो इतकं घट्ट नको, खालून वर, खालून वर.  त्यांनी माझा हात धरून दिशा दाखवली. तासाचा सव्वा तास कधी झाला कळलं नाही.
मग त्यांनी दोनदा विचारलं, मी कोण. दोनदा सांगितलं.
निघताना दारापर्यंत आल्या, भिंतीला धरून. म्हणाल्या, पुन्हा कधी याल?
मी म्हणालो, बघतो. मेसेज करतो.
दार लागलं. खाली फाटकाशी पोचल्यावर कळलं, काय बोललो ते. थोडा वेळ उभा राहिलो तिथे. मग घरी आलो.